सरांच्या खंड्याला मी ४ मार्क दिले

(पत्र थोडक्यात देतेय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

"मी चार वर्षं एका कॅमेरा क्लबमध्ये आहे. दर महिन्याला स्पर्धा असते आणि बाहेरचा परीक्षक नसतो, आम्ही मेंबरच एकमेकांच्या फोटोंना १० पैकी मार्क देतो. स्वतःच्या फोटोला द्यायचे नाहीत, एवढा एकच नियम. फोटोवर नाव नसतं पण मार्कांच्या कागदावर आपलं नाव असतं, आणि बेरीज करायचं काम वर्षानुवर्षं एकाच मेंबरकडे आहे. गेल्या महिन्यात आम्ही २१ जण होतो. पडद्यावर माझा फोटो सहावा दाखवला गेला. अंधारा जिना, ओल्या पायरीवर पडलेला उजेड, आणि कडेला बादलीची नुसती कडी. मागून कोणीतरी 'हे नक्की काय आहे?' म्हणालं आणि दोघं तिघं हसले. नववा फोटो खंड्याचा, चोचीत मासा, एकदम शार्प. तो सरांचा आहे हे लगेच कळलं कारण ग्रुपवर आधी बघितलेला होता. मला कॅमेरा धरायला सरांनीच शिकवलंय. मी ४ दिले. असले फोटो हजारदा बघून झालेत, आणि एडिटिंगमुळे पंखाच्या कडेला पांढरी रेघ उठली होती. निकाल लागला, पहिल्याला ८.४, सर ८.३ घेऊन दुसरे, मला ५.२. बेरीज करणाऱ्याने माझे ४ सरांना सांगितले. तेव्हापासून सर बोलत नाहीत, मागच्या आउटिंगला समोरून गेले पण बघितलं नाही. बाकीचे लोक आपापल्या दोस्तांना ९ आणि १० वाटतात हे सगळ्यांना माहितीय, त्यांचं काही नाही. प्रामाणिकपणे मार्क दिले ही माझी चूक झाली का? यापुढे सरसकट सगळ्यांना ८ देऊन टाकू, की क्लबच सोडू? आम्ही चार पाच जण वेगळा ग्रुप काढायचा विचार करतोय. माझ्या फोटोला कोणी किती दिले ते मी बेरीजवाल्याकडून मागून बघितलं, तिघांनी ९ दिलेत आणि बाकी १७ जणांनी ४ नाहीतर ५."

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना सरांचा राग आला, दुसऱ्यांदा वाचताना थोडा तुमचाही आला, आणि बेरीजवाल्याचा दोन्ही वेळा.

सुरुवात त्याच्यापासूनच करते कारण तो भाग सोपा आहे. कोणी कोणाला किती दिले हे बाहेर सांगायचं नसतं, मग नियम लिहिलेला असो की नसो. त्याने सरांना सांगितलं हे चुकलंच. पण ताई, तुमच्या पत्राची शेवटची ओळ परत वाचा बरं. तुम्हीही तोच कागद त्याच माणसाकडून मागून बघितलात. तुम्हाला तो दाखवताना त्याला काही वाटलं नाही, आणि बघताना तुम्हालाही नाही. म्हणजे तुमच्या क्लबात हे दार उघडंच होतं, यावेळी वारा तुमच्या अंगावर आला एवढंच. मी दोष देत नाहीये, तुमच्या जागी मीही बघितलं असतं कदाचित. फक्त तो माणूस आता खलनायक वाटतोय ना, तो तसा नसावा. ज्याच्या हातात नावासकट सगळे कागद येतात आणि ज्याला सगळे येऊन विचारतात तो कधी ना कधी बोलणारच. कागदावर नावाऐवजी चिठ्ठीतून निघालेला नंबर लिहायचा आणि बेरीज दर महिन्याला वेगळ्या दोघांनी मिळून करायची, एवढ्याने हे बंद होतं.

आता तुमच्या ४ कडे येऊ.

तुम्ही विचारताय प्रामाणिक राहिले ही चूक का. मला आधी हे विचारायचंय की तो ४ नक्की कशाकशाचा होता? कारण तुम्ही फोटोंचे नंबर लिहिलेत, सहावा आणि नववा. पत्रात ते लिहायची काही गरज नव्हती, तरी लिहिलेत, आणि मला वाटतं तुमच्याच मनाने ते लिहायला लावलं. सहाव्याला लोक हसले. मध्ये दोन फोटो गेले, म्हणजे जेमतेम मिनिटभर. आणि मग समोर आला खंड्या, ज्याला बघून बहुतेक हॉलमध्ये 'व्वा' झालं असणार. त्या मिनिटात तुमचा हात किती स्थिर होता? पांढरी रेघ खरी असेल, मी मानते, जास्त शार्पन केलं की पक्ष्याच्या कडेला तशी रेघ उठतेच आणि मोठ्या पडद्यावर ती डोळ्यात खुपते. तिचा एक मार्क कापा, दोन कापा. 'हजारदा बघितलाय' याचा अजून एक. पण तो राग त्या हजार फोटोंवर होता, सरांनी तर एकच काढला होता ना, पाण्याच्या काठाला किती सकाळी बसून कोण जाणे. आणि उरलेला एखादा मार्क त्या हसण्याचा नव्हता, असं तुम्ही स्वतःशी ठामपणे म्हणू शकता का? म्हणता येत असेल तर म्हणा, मी भांडणार नाही. मला स्वतःला म्हणता आलं नसतं.

हे सांगायला मला जरा लाज वाटते पण सांगते. मीही एका क्लबात होते काही वर्षं, आणि माझा समज असा की आपण एकदम निःपक्षपाती. मग एकदा घरी बसून जुन्या स्पर्धेतल्या २० फोटोंना मार्क दिले, कागद ठेवून दिला, दोन आठवड्यांनी तेच फोटो क्रम बदलून बघितले आणि पुन्हा मार्क दिले. एका धुक्यातल्या झाडाला आधी ८ दिले होते, नंतर ५. झाड तेच, धुकं तेच. पहिल्या वेळी ते तीन अगदी रटाळ फोटोंनंतर आलं होतं, दुसऱ्या वेळी एका जबरदस्त पोर्ट्रेटच्या मागे. आणि हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचं होतं असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या एका वाईन स्पर्धेत परीक्षकांना नकळत एकाच बाटलीतली वाईन तीन वेळा चाखायला दिली होती, त्याचा अभ्यास २००८ मध्ये छापून आला, तर तिन्ही वेळा साधारण सारखेच मार्क देणारे दहात एक निघाले. ते तर रोज हेच करणारे लोक. हा प्रयोग तुम्हीही एकदा कराच, आणि जमलं तर क्लबात सगळ्यांना करायला लावा, कोणी कोणाला दाखवायचं नाही, आपला कागद आपल्यापाशी. दुसऱ्यांच्या ९ आणि १० बद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

म्हणजे प्रामाणिक राहूच नका असं नाही म्हणत मी. प्रामाणिकपणा आकड्यात मावत नाही एवढंच. '४' या आकड्यातून सरांना पांढऱ्या रेघेबद्दल काय कळलं? काहीच नाही. त्यांना कळलं की जिला शिकवलं तिने ४ दिले. रेघेबद्दल तुम्ही चकार शब्द बोलला नाहीत, आणि खरी उपयोगाची गोष्ट तीच होती.

बरं, आता थोडं गणित, कारण ते तुम्ही केलेलं दिसत नाही आणि सरांनी मात्र नक्की केलंय. २० जणांचे मार्क, सरासरी ८.३, म्हणजे बेरीज १६६. पहिल्याची १६८. तुम्ही ४ ऐवजी ६ दिले असते तर बरोबरी झाली असती, आणि ७ दिले असते तर सर पहिले आले असते. तुमच्या एका कागदाने निकाल फिरला. यात तुमचा गुन्हा काही नाही, मत द्यायचा हक्क होता, तो वापरलात. पण सर का दुखावलेत ते समजायला हे माहीत असलेलं बरं.

आणि याचीच दुसरी बाजू, तुमचा 'सगळ्यांना ८' वाला प्लॅन. सगळ्यांना ८ देणं म्हणजे मत न देणं. प्रत्येक फोटोच्या बेरजेत सारखेच ८ पडले की क्रम तसूभर हलत नाही, तुम्ही घरी बसलात काय आणि हॉलमध्ये काय. या पद्धतीत जो ३ पासून १० पर्यंत मार्क फिरवतो त्याचं मत जड असतं, आणि जो भिडेखातर ७ आणि ८ च्या मध्ये राहतो त्याचं हलकं, म्हणजे क्लबातली सगळ्यात सालस माणसं निकालात जवळजवळ नसतातच. तुम्ही सालस व्हायचं ठरवलंत तर ज्यांच्यावर चिडलाय, ते दोस्तांना १० देणारे, त्यांच्या हातात अजून थोडं राज्य जाईल. तेव्हा तो प्लॅन सोडा.

मग १० वाल्यांचं करायचं काय? पाण्यात सूर मारायच्या स्पर्धेत सात परीक्षक असले की प्रत्येक उडीचे वरचे दोन आणि खालचे दोन मार्क काढून टाकतात, मधले तीनच धरतात. क्लबात २० मार्क असतात तेव्हा वरचे दोन आणि खालचे दोन काढून मधले १६ धरायला काहीच हरकत नाही, बेरीज करणाऱ्याला दोन मिनिटं जास्त लागतील. त्यात दोस्ताचे १० जातील आणि तुमचे ४ पण जातील. एखाद्याचा राग किंवा प्रेम असं आपोआप गळून पडलं की कोणाकडे बोट दाखवायची वेळच येत नाही, मला ही गोष्ट फार आवडते. पण थांबा, तुमच्या जिन्याचं काय होतं बघा. तीन ९ पैकी दोन उडाले, खालचे दोन ४ उडाले, आणि ५.२ वरून तुम्ही ४.९ वर आलात! ही पद्धत भांडणं कमी करते, वेगळ्या फोटोला न्याय देते असं मात्र नाही. सरासरी कुठलीही घ्या, ती असाच फोटो वर आणते जो कोणालाच खटकत नाही. शार्प खंड्या कोणाला खटकणार?

आणि म्हणूनच मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचा आकडा ४ नाही वाटला, ५.२ वाटला. तुम्ही तो वाचून खट्टू झालात. पण ५.२ हे तुमच्या क्लबात कोणाचंच मत नाहीये! आणि जिथे ९ आणि १० वाटले जातात तिथे ४ नाहीतर ५ म्हणजे 'ठीक आहे बुवा, मध्यम' नव्हे. तिघांना तो फारच आवडला आणि १७ जणांना कळला नाही. या दोन गोष्टींची सरासरी काढणं म्हणजे एक पाय उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात ठेवून अंघोळीचं पाणी कोमट आहे म्हणण्यासारखं. अशा फोटोंसाठी मार्कांच्या सोबत अजून एक ओळ कागदावर ठेवता येते, 'आजचे माझे तीन', नुसते फोटोंचे नंबर लिहायचे. निकाल सांगताना सरासरीही सांगायची आणि कुठल्या फोटोला किती जणांनी आपल्या तिनात घेतलं तेही सांगायचं. ८.१ मिळालेला एखादा फोटो एकाच्याही तिनात नसतो, आणि ५.२ वाला तिघांच्या असतो. हे मोठ्याने वाचून दाखवलं की हॉलमध्ये जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते.

त्या १७ जणांबद्दल एक शंका. अंधारा जिना तुम्ही घरच्या स्क्रीनवर एडिट केला असणार, ब्राइटनेस भरपूर ठेवून. हॉलमधला प्रोजेक्टर, दिवे अर्धेच बंद, पडदा धुतल्यासारखा, तर सावल्यांमधलं सगळं काम तिथे काळ्या डागात बुडतं. बादलीची कडी त्यांना दिसली तरी होती का? 'हे नक्की काय आहे' म्हणणारा कदाचित खरंच विचारत असेल हो! फाइल ॲडोबी आरजीबीमध्ये (फाइलमध्ये रंग साठवायचा एक प्रकार) सेव्ह करून पाठवली असेल तर अजूनच, कारण बऱ्याच प्रोजेक्टरवर तिचे रंग मेल्यासारखे दिसतात, एसआरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनवर सर्रास चालतो त्या प्रकारात, बदलूनच द्यायची. असे काळोखी फोटो शक्यतो प्रिंट करून दाखवा, किंवा निदान मीटिंगच्या आधी पाच मिनिटं जाऊन त्याच पडद्यावर एकदा बघून घ्या. क्लबाने सगळे फोटो आधी एकदा नुसते दाखवावेत, मार्क न देता, आणि दुसऱ्या फेरीत मार्क घ्यावेत. पहिल्या फेरीत हसून होतं, दुसऱ्या फेरीत बघून होतं.

आता क्लब सोडून वेगळा ग्रुप काढायचं. काढा, मजा येते, पण आधी एक जुनी गोष्ट ऐका. १८९२ मध्ये लंडनमधल्या फोटोग्राफिक सोसायटीवर नाराज झालेल्या काही जणांनी वेगळी चूल मांडली, लिंक्ड रिंग नावाची. त्यांना तिथलं ते तांत्रिक मोजमाप आणि मेडलं नको होती, फोटोकडे कला म्हणून बघा म्हणत होते, त्यांच्या प्रदर्शनात बक्षिसं नव्हतीच. ऐकायला किती छान. आणि मोडली कशावरून माहितीये? १९०८ च्या प्रदर्शनात निवड करणाऱ्यांनी कोणाचे किती फोटो घेतले यावरून! त्यात अमेरिकन मंडळींचे फोटो फार झाले म्हणून असं वाजलं की पुढच्या एक दोन वर्षांत रिंगच संपली. मेडलं काढून टाकली तरी 'निवडायचं कोणी' हा प्रश्न राहिलाच. तुम्हा चार पाच जणांत तर तो आणखी लवकर येईल, कारण पाच जणांत कोणाचा फोटो कुठला ते फोटो उघडायच्या आधीच कळतं. तेव्हा राग आला म्हणून ग्रुप काढू नका. काढायचाच तर मार्क नसलेल्या बैठकीसाठी काढा, आणि शक्य असेल तर क्लबात राहूनच, महिन्यातली दुसरी एक संध्याकाळ म्हणून.

अशी बैठक नुसती 'मोकळेपणाने बोलूया' म्हणून भरवली की दोघंच बोलतात आणि बाकीचे माना डोलवतात, हा माझा अनुभव. तिला थोडी शिस्त लागते. लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमाराला एक पद्धत बसवली, नाचासाठी, पण फोटोला चपखल बसते. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं की यात आपल्याला काय भावलं, काय लक्षात राहिलं. मग ज्याचा फोटो आहे त्याने प्रश्न विचारायचे, 'बादली कळली का?' असे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण ज्यात टोमणा लपलेला नाही असे, म्हणजे 'एवढं अंधारं का ठेवलंय' असं नाही, 'या अंधारात आम्ही काय बघावं असं तुला वाटत होतं' असं. आणि मत सगळ्यात शेवटी, तेही 'मला कडांबद्दल एक मत आहे, ऐकायचंय का?' असं विचारून, आणि समोरचा नको म्हणाला तर गप्प बसायचं. पहिल्या दोन बैठकांना सगळ्यांना हे कृत्रिम वाटेल, हसतीलही. तिसरीला सवय होते. आणि बोलताना निकाल देण्यापेक्षा डोळ्यांना काय झालं ते सांगायची सवय लावा, 'कंपोझिशन वीक आहे' यावर समोरचा फक्त चिडू शकतो, 'माझी नजर सारखी उजव्या कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्या डागाकडे जातेय' यावर तो घरी जाऊन क्रॉप करू शकतो.

राहिले सर. ज्यांनी शिकवलं त्यांनी एका आकड्यावरून बोलणं टाकावं हे काही त्यांना शोभत नाही, ते मी त्यांनाही म्हटलं असतं. पण पहिलं पाऊल तुम्ही टाका, कारण पत्र तुम्ही लिहिलंय, त्यांनी नाही. मेसेज नको, ग्रुपवर तर अजिबात नको. आउटिंगला किंवा मीटिंगच्या आधी गाठा, आणि ४ दिल्याबद्दल माफी मागू नका, मार्कांची माफी मागितली की पुढच्या महिन्यापासून तुमचा पेन बांधला जातो. असं काहीसं म्हणा: 'सर, तुमच्या खंड्याला मी ४ दिले. ते जरा रागात दिले, माझ्या फोटोला लोक हसले होते त्याचा राग होता. पण पंखाच्या कडेची रेघ मला खरंच खटकली, ती मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवी होती. मूळ फाइल बघूया का एकदा?' यात राग कबूल होतो, रेघेवरचं मत जिथल्या तिथे राहतं, आणि ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या फाइली बघितल्या त्याला आपली दाखवायची संधी मिळते. ते विरघळतील असं मी म्हणणार नाही, काही लोक नाही विरघळत, वय झालं की अजूनच नाही. नाहीच बोलले तर तुम्ही तुमच्याकडून नमस्कार चालू ठेवा आणि त्यापलीकडे जाऊ नका. त्यांच्या पुढच्या फोटोला, ओळखू आला तरी, मुद्दाम ९ देऊ नका. तेही त्यांना कळेल, आणि ४ पेक्षा जास्त लागेल.

खरं तर ओळखू आलेल्या फोटोचं काय करायचं हे क्लबानेच ठरवायला हवं. नाव झाकलं म्हणजे कोणाचा फोटो कळत नाही हा सगळ्या छोट्या क्लबांचा गोड गैरसमज आहे. स्पर्धेचा फोटो आधी ग्रुपवर टाकायचा नाही हा एक साधा नियम करा, आणि तरी एखादा ओळखला, आणि त्या माणसाशी काही बिनसलेलं किंवा फारच गूळपीठ असेल, तर मार्काच्या जागी रेघ मारायची मुभा ठेवा. निकाल सरासरीवर लागतो, त्यामुळे त्या फोटोचं फारसं नुकसान होत नाही.

हे सगळे बदल एकाच मीटिंगमध्ये मांडू नका हं, तेही आत्ता, लोक म्हणतील सरांचं प्रकरण झालं म्हणून आलीय. एखादा महिना जाऊ द्या, आणि सुरुवात दोन फेऱ्यांपासून करा, त्याला कोणी नाही म्हणणार नाही.

तोवर तुम्हाला एकच काम आहे, त्या तिघांना शोधायचं ज्यांनी ९ दिले. कागद मागून नाही. पुढच्या मीटिंगला जिन्याची प्रिंट सोबत न्या, चांगल्या उजेडात टेबलावर ठेवा, आणि कोण थांबतंय ते बघा.